बीडी म्हणजे नेमकं किती वाजता? वॉर्डात इलेक्ट्रॉनिक ड्रग चार्ट सुरू करण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 150 खाटांचं रुग्णालय आहे, कागदी ट्रीटमेंट शीट बंद करून डॉक्टरांच्या ऑर्डर आणि सिस्टरांच्या डोसच्या नोंदी सॉफ्टवेअरवर न्यायच्या आहेत. व्हेंडर म्हणतो सगळं तयार आहे, पुढच्या महिन्यात सुरू करू. त्याआधी काय तपासायचं आणि चुका कुठे होतात?

डेमोत व्हेंडर औषध शोधून दाखवतो, इंटरॅक्शनची (दोन औषधं एकमेकांना बाधण्याची) लाल पाटी दाखवतो, बिल काढून दाखवतो. तुम्ही त्याला फ्रिक्वेन्सी मास्टर (औषध दिवसातून किती वेळा आणि किती वाजता द्यायचं ते ठरवणारी यादी) उघडायला सांगा. कागदावर डॉक्टर 'बीडी' (दिवसातून दोनदा) लिहून मोकळे होतात आणि वेळा सिस्टर ठरवतात. रुग्ण जेवला का, ओटीला (ऑपरेशनला) कधी जाणार, पहिला डोस कॅज्युअल्टीतच (आपत्कालीन विभागातच) मिळाला का, हे बघून त्या ठरवतात. ही अक्कल शीटवर कुठे लिहिलेली नसते. सॉफ्टवेअरमध्ये मात्र ती मास्टरमध्ये भरावीच लागते. तुम्ही भरली नाही तर इन्स्टॉलेशनच्या वेळी कुणीतरी टाकलेल्या वेळाच तुमच्या वॉर्डात चालू होतात. बहुतेक ठिकाणी त्या 8 आणि 20 अशा असतात.

8 आणि 20 का नकोत? आपल्याकडे बहुतेक ठिकाणी शिफ्ट 8 ते 2, 2 ते 8 आणि रात्रीची 8 ते 8. म्हणजे बीडीचा प्रत्येक डोस बरोबर हँडओव्हरच्या वेळी पडतो. जाणारी सिस्टर समजते येणारी देईल, येणारी समजते देऊन झाला असेल. तेच 14 वाजताचं. 6-14-22 ही 8 तासांची जोडणी पुस्तकात छान दिसते, पण दुपारचा डोस हँडओव्हरमध्ये सापडतो. म्हणून वेळा अशा लावा: 8 तासांनी म्हणजे 7, 15, 23. 6 तासांनी म्हणजे 5, 11, 17, 23. 12 तासांनी म्हणजे 9 आणि 21. यात एकही वेळ हँडओव्हरवर नाही आणि एकही डोस मध्यरात्री 12 वर नाही. हा दुसरा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण 'रात्री 12' म्हणजे आजच्या तारखेचा शेवट की उद्याची सुरुवात, यावरून एक डोस दोनदा तरी जातो नाहीतर बुडतो. सगळीकडे 24 तासांचं घड्याळ ठेवा आणि 00:00 ला काहीच लावू नका.

'टीडीएस' (दिवसातून तीनदा) आणि 'दर 8 तासांनी' हे दोन वेगळे कोड हवेत. टीडीएस गोळ्यांसाठी: 9, 15, 21, रुग्णाला रात्री झोपू द्यायचं. हाच कोड मेरोपेनेमसारख्या अँटिबायोटिकला लागला तर रात्रीचं अंतर 12 तासांचं होतं. या बीटा-लॅक्टम गटातल्या अँटिबायोटिकचा परिणाम रक्तातली पातळी किती वेळ टिकून राहते यावर असतो, त्यामुळे ही 12 तासांची पोकळी महागात पडते. इंजेक्टेबल अँटिबायोटिकच्या ऑर्डरमध्ये बीडी-टीडीएस निवडताच येऊ नये, फक्त तासांचे कोड दिसावेत, अशी सोय करून घ्या. डॉक्टर पहिला आठवडा कुरकुर करतील.

सकाळी 9 वाजता सगळंच लावू नका. 30 रुग्णांच्या वॉर्डात प्रत्येकी चार-पाच औषधं 9 ला आली, त्यात राउंड सुरू, सिस्टर तीन. मग 9 चा डोस साडेदहाला जातो आणि नोंद 9 चीच होते. थायरॉक्सिन आणि पँटोप्राझोल 6:30 ला न्या, तशीही ती रिकाम्या पोटी द्यायची असतात. कॅल्शियम आणि लोह थायरॉक्सिनपासून किमान 4 तास लांब ठेवा, म्हणजे दुपारच्या फेरीत. वॉरफरिन (रक्त पातळ करणारं औषध) 18 वाजता लावा, म्हणजे सकाळच्या आयएनआरचा (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघणाऱ्या तपासणीचा) रिपोर्ट बघून त्या दिवसाचा डोस ठरवता येतो. इन्सुलिन घड्याळाला बांधूच नका. साधं इन्सुलिन जेवणाच्या अर्धा तास आधी, झटपट काम करणारं अ‍ॅनालॉग ताट समोर येईल तेव्हा. किचनची गाडी 12:30 ला येते की 13:15 ला, हे किचनला विचारूनच 'जेवणाआधी' या कोडची वेळ भरा.

आता पहिल्या डोसकडे येऊ. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

सकाळी 11:30 ला सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन 1 ग्रॅम 12 तासांनी अशी ऑर्डर पडली. सॉफ्टवेअर पुढची ठरलेली वेळ शोधतं: 21:00. म्हणजे जंतुसंसर्ग झालेला रुग्ण साडेनऊ तास अँटिबायोटिकशिवाय, आणि स्क्रीनवर सगळं हिरवं, कारण कुठलाही डोस 'चुकलेला' नाही. सेप्सिसच्या 2021 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार सेप्टिक शॉक असेल किंवा सेप्सिसची दाट शक्यता असेल तर अँटिबायोटिक 1 तासाच्या आत जायला हवं. त्यामुळे अँटिबायोटिक, अपस्माराची औषधं, रक्त पातळ करणारी औषधं यांच्या ऑर्डरमध्ये 'पहिला डोस आत्ता' हा पर्याय आधीपासून टिकमार्क केलेला हवा. नको असेल तर डॉक्टर काढतील.

बरेच व्हेंडर यावर तोडगा म्हणून वेगळी स्टॅट ऑर्डर (ताबडतोब एकदाच द्यायच्या डोसची) लिहायला सांगतात. ते टाळा. दोन सुट्या ऑर्डर झाल्या की एकीला दुसरीची खबर नसते. 20:30 ला स्टॅट डोस जातो आणि 21:00 ला नियमित डोस हिरवा होऊन समोर येतो, नवीन आलेली सिस्टर तोही देते. पहिला डोस त्याच ऑर्डरचा भाग असला पाहिजे आणि पुढची वेळ त्यावरून मोजली गेली पाहिजे. साधा नियम: पहिल्या डोसपासून पुढची ठरलेली वेळ अर्ध्या अंतरापेक्षा जवळ असेल तर ती सोडा, लांब असेल तर घ्या. 12 तासांच्या औषधाला 11:40 ला पहिला डोस गेला तर 21:00 नऊ तास वीस मिनिटांवर आहे, चालेल. 17:00 ला गेला तर 21:00 चार तासांवर आहे, सोडा. पण मग पुढची वेळ सकाळी 9, म्हणजे 16 तासांनी. पोटाच्या गोळीला ठीक, गंभीर संसर्गात नाही. तिथे त्या रुग्णापुरत्या वेळा 5 आणि 17 करता आल्या पाहिजेत, आणि ते डॉक्टर किंवा वॉर्ड फार्मसिस्टला दोन क्लिकमध्ये जमलं पाहिजे. जेंटामायसिन, अमिकासिनसारखी औषधं तर कायम रुग्णाच्या स्वतःच्या वेळेवरच ठेवा, वॉर्डाच्या नाही.

याच्याशी जोडलेली गोष्ट म्हणजे कॅज्युअल्टी. तिथे दिलेला डोस अनेक सॉफ्टवेअरमध्ये ओपीडीच्या नोंदीत बसतो आणि रुग्ण भरती झाला की नवी आयपीडी (भरती रुग्णाची) फाइल कोरी उघडते. वॉर्डच्या स्क्रीनवर प्रत्येक औषधासमोर 'शेवटचा डोस प्रत्यक्ष किती वाजता' हे दिसलंच पाहिजे, आणि त्यात कॅज्युअल्टी, ओटी, आयसीयू सगळं धरलेलं हवं. ठरलेली वेळ दाखवून भागत नाही. एनॉक्सापॅरिन (रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून द्यायचं इंजेक्शन) 40 मिग्रॅ रात्री 9 ला ठरलेलं होतं, गेलं 11:30 ला. सकाळी 9 ला भूलतज्ज्ञ स्पायनल (पाठीच्या कण्यातून भूल) द्यायचा विचार करतायत. प्रतिबंधक डोसनंतर 12 तास थांबायचं असतं. स्क्रीन 21:00 म्हणत असेल तर 12 तास झाले, खरे झालेत साडेनऊ.

कालावधीही तपासून घ्या. 'दिवसातून दोनदा, 5 दिवस' अशी ऑर्डर सोमवारी संध्याकाळी 5 ला लिहिली. पहिला डोस सोमवारी 21 ला, मग मंगळवार ते शुक्रवार आठ. सॉफ्टवेअर तारखा मोजत असेल तर शुक्रवारी रात्री ऑर्डर बंद, एकूण डोस 9. डॉक्टरांच्या मनात 10 होते. कोर्स डोसच्या संख्येवर मोजायला सांगा. आणि ऑर्डर आपोआप बंद होण्याच्या 24 तास आधी राउंडच्या यादीत खूण यायला हवी. नाहीतर अँटिबायोटिक गुपचूप बंद पडतं आणि तिसऱ्या दिवशी ताप आल्यावर कळतं.

रोज नसलेली वेळापत्रकं वेगळी बघा. डिगॉक्सिन 0.25 मिग्रॅ आठवड्यातून पाच दिवस, शनिवार-रविवार नाही, ही आपल्याकडची जुनी पद्धत. ती बसवायला वारांचा कोड हवा. तो नसला तर डॉक्टर 'रोज' निवडून शेऱ्यात 'शनि-रवि नको' लिहितात आणि तो शेरा देणाऱ्याच्या स्क्रीनवर दिसत नाही. मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या संधिवातात आठवड्यातून एकदाच द्यायच्या असतात. त्या रोज गेल्या तर अस्थिमज्जा दबून रुग्ण दगावू शकतो. तिथे आपोआप 'आठवड्यातून एकदा' येऊ द्या, वार निवडणं सक्तीचं करा, आणि 'रोज' हवंच असेल तर कॅन्सरचं निदान लिहिल्याशिवाय पुढे जाता येऊ नये. फॉलिक अ‍ॅसिड त्याच दिवशी नको असेल तर तेही वारांनीच बांधा.

एकक आणि वजन. 2013 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात घडलेला प्रसंग या विषयातल्या प्रत्येकाने एकदा नीट समजून घ्यावा. 16 वर्षांचा मुलगा, वजन 38.6 किलो, रोजचं को-ट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक चालू. 40 किलोच्या आत डोस मिग्रॅ प्रति किलोमध्येच लिहायचा असा नियम. 5 मिग्रॅ प्रति किलोने 193 मिग्रॅ झाले. गोळी 160 ची, म्हणून फार्मसिस्टने डॉक्टरांना 160 अशी ऑर्डर पुन्हा लिहायला सांगितली. डॉक्टरांनी 160 टाइप केलं, पण रकान्याचं एकक मिग्रॅ प्रति किलोच राहिलं होतं. ऑर्डर झाली साडेअडतीस गोळ्यांची. इशारे आले आणि पुढे ढकलले गेले, यंत्राने गोळ्या मोजून दिल्या, बारकोडने प्रत्येक गोळी बरोबर ठरवली. मुलाला झटके आले, तो वाचला. एकाच रकान्यात दोन एककं चालणं हा यातला गाभा. तुमच्याकडे डोसच्या आकड्याशेजारी एकक ड्रॉपडाउनमध्ये लपलेलं असेल तर ते ठळक करून घ्या. आणि एकूण डोस नेहमी 'अमुक मिग्रॅ = इतक्या गोळ्या' असा एका ओळीत वाचायला मिळू द्या. 'साडेअडतीस गोळ्या' हे शब्दांत समोर आलं तर हात थबकतो.

लहान मुलांत आपला घोटाळा सिरपच्या ताकदीत आहे. 10 किलोच्या बाळाला पॅरासिटामॉल 150 मिग्रॅ. 125 मिग्रॅ प्रति 5 मिली सिरपचे 6 मिली, 250 प्रति 5 मिलीचे 3 मिली, आणि 100 मिग्रॅ प्रति मिली ड्रॉप्सचे दीड मिली. डॉक्टर मिलीत लिहीत असतील आणि फार्मसीने स्टॉक नाही म्हणून बाटली बदलली, तर ड्रॉप्सचे 6 मिली म्हणजे 600 मिग्रॅ जातील. ऑर्डर मिग्रॅमध्येच, आणि मिली हे फार्मसीने प्रत्यक्ष दिलेल्या बाटलीवरून सॉफ्टवेअरने काढायचे. 'चमचा' हा शब्द आयपीडीत नको.

इन्सुलिनचं आपल्याकडे आणखी एक आहे. 40 युनिट प्रति मिलीच्या व्हायल आणि 100 युनिट प्रति मिलीची पेनं, दोन्ही एकाच फ्रिजमध्ये. सिरिंजही दोन, लाल टोपीची 40 साठी, नारिंगी 100 साठी. 100 चं इन्सुलिन 40 च्या सिरिंजमध्ये 20 च्या रेघेपर्यंत भरलं तर 50 युनिट जातात, उलट केलं तर फक्त 8. म्हणून ऑर्डरच्या ओळीत ताकद आणि साधन (40 ची व्हायल की पेन) दोन्ही छापून यायला हवं, युनिट हा शब्द पूर्ण लिहिलेला हवा. 'यू' हे एकटं अक्षर शून्यासारखं वाचलं जातं. अमेरिकेच्या जॉइंट कमिशनने (रुग्णालयांना मान्यता देणारी संस्था) 2004 पासून ज्या खुणा वापरायला मनाई केली, त्यात ते आहे. 0.5 च्या आधीचं शून्य सोडणं आणि 5 नंतर .0 लावणं, हेही त्यातच. सॉफ्टवेअरने '.5' स्वीकारूच नये.

मूत्रपिंडाचा हिशोब अनेक सॉफ्टवेअर करतात, पण कुठल्या वजनावर ते बघा. 70 वर्षांच्या बाई, क्रिअ‍ॅटिनिन 1.4. कॉक्रॉफ्ट-गॉल्टच्या सूत्राने (140 वजा वय) गुणिले वजन, भागिले 72, भागिले क्रिअ‍ॅटिनिन, आणि स्त्री असल्याने गुणिले 0.85. वजन 60 धरलं तर क्लिअरन्स (मूत्रपिंडाची रक्त गाळण्याची क्षमता) 35 येतो, 50 धरलं तर 29.5. उपचाराच्या डोसमध्ये एनॉक्सापॅरिन 30 च्या खाली दिवसातून दोनदाऐवजी एकदा करायचं असतं. खरं वजन 50 असताना भरतीवेळी नातेवाइकाने अंदाजाने सांगितलेले 60 किलो फाइलमध्ये बसले, तर इशारा येणारच नाही आणि डोसही 10 मिग्रॅने जास्त. वजनाच्या रकान्यात 'मोजलेलं / सांगितलेलं' हे निवडणं सक्तीचं करा, तारीख टाका, आणि वजनावर ठरणाऱ्या औषधांना सांगितलेलं वजन चालू देऊ नका.

ड्रग मास्टर, म्हणजे सॉफ्टवेअरमधली औषधांची यादी. आपल्याकडची रुग्णालयाची सॉफ्टवेअर बिलिंग आणि स्टोअरमधून वाढलेली आहेत. त्यामुळे मास्टर म्हणजे खरेदीची यादी: ब्रँड, पॅक, एमआरपी. प्रत्येक ब्रँडच्या आत कुठले घटक किती आहेत हे नसेल तर दुहेरी औषधाचा इशारा येऊच शकत नाही. ऑपरेशननंतरचा नेहमीचा चार्ट बघा: पॅरासिटामॉल 1 ग्रॅम शिरेतून 8 तासांनी, म्हणजे 3 ग्रॅम. सोबत ट्रॅमाडॉल-पॅरासिटामॉलची गोळी टीडीएस, प्रत्येकीत 325, म्हणजे 975 मिग्रॅ. आणि ताप आल्यास एसओएस (गरज पडली तरच) 650, दिवसात दोनदा लागली. बेरीज सव्वापाच ग्रॅमच्या वर. तीन ओळी, तीन ब्रँड, एकाही ओळीत चूक नाही. घटकांच्या मॅपिंगला फार्मसिस्टचे काही आठवडे जातील, ते व्हेंडरवर सोडू नका. एसओएसच्या ऑर्डरला कारण, दोन डोसमधलं किमान अंतर आणि 24 तासांतली कमाल संख्या या तीन गोष्टी भरल्याशिवाय सेव्ह होऊ नये.

इशारे कमी ठेवा. 2006 च्या एका आढाव्यात औषधविषयक इशाऱ्यांपैकी 49 ते 96 टक्के डॉक्टर बाजूला सारतात असं आढळलं होतं. व्हेंडर सगळे इंटरॅक्शन चालू ठेवून देतो, कारण ते दिसायला भारी दिसतं. थांबवणारे इशारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असू देत: नोंदलेली अ‍ॅलर्जी, मेथोट्रेक्सेट रोज, पोटॅशियम क्लोराइड थेट शिरेत (आपला 10 मिलीचा अँपूल 20 मिलीइक्विव्हॅलंटचा असतो, तो पातळ केल्याशिवाय ऑर्डरच होऊ नये), आणि कमाल एकवेळचा डोस ओलांडणं. बाकीचे एका ओळीच्या सूचनेत.

सिस्टरांच्या बाजूला 'दिला' इतकंच बटण पुरत नाही. न देण्याची कारणं लागतात: एनबीएम (तोंडाने काहीच द्यायचं नाही), उलटी, रुग्णाने नकार दिला, सोनोग्राफीला गेला, औषध उपलब्ध नाही. शेवटच्या कारणाचे दोन भाग करा, फार्मसीत स्टॉक नाही आणि इंडेंट (वॉर्डाने फार्मसीकडे केलेली मागणी) बिलिंगमध्ये अडकला. डिपॉझिट संपलं की इंडेंट थांबतो, अशी जोडणी अनेक ठिकाणी असते. ती जीवनावश्यक औषधांसाठी तोडून घ्या, लेखी. एनबीएमचा शिक्का मारला की तोंडाची सगळी औषधं आपोआप थांबणार असतील तर तेही तपासा. अपस्माराच्या गोळ्या आणि बीटा-ब्लॉकर सहसा घोटभर पाण्याबरोबर द्यायच्याच असतात, त्या प्रत्येकीसाठी डॉक्टरांनी वेगळं सांगावं लागेल अशी सोय हवी.

वेळेची मुभा सगळ्यांना सारखी नको. अँटिबायोटिकचा पहिला डोस, इन्सुलिन, पार्किन्सनची औषधं यांना अलीकडे-पलीकडे अर्धा तास. दिवसातून दोन-तीनदा असणाऱ्यांना एक तास, रोज एकदाच्या गोळ्यांना दोन तास. सरसकट अर्धा तास ठेवलात की सिस्टर लाल रंग टाळण्यासाठी आधीच टिक करून ठेवतात. एका वॉर्डात 7:52 ला एका लॉगिनवरून 20 डोस 'दिले' दिसले तर समजा शिफ्ट संपताना नोंदी भरल्या जातायत. हा अहवाल दर आठवड्याला काढा, पण मेमो देण्यासाठी काढू नका. त्या वॉर्डला नोंदी करायचा एक टॅब (संगणक) कमी आहे असंच बहुधा निघेल.

बारकोड स्कॅनिंगचा मोह पहिल्या दिवशी टाळा. ऑगस्ट 2023 पासून 300 आघाडीच्या ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा झाला, पण तो पॅकवर असतो. फार्मसीने स्ट्रिप कापून चार गोळ्या दिल्या की कोड गेला. आधी फार्मसीत प्रत्येक रुग्णाच्या डोसची पुडी आणि लेबल सुरू होऊ दे.

सर्व्हर बंद पडेल तेव्हासाठी दर 4 तासांनी प्रत्येक वॉर्डचा पुढच्या 24 तासांचा चार्ट वॉर्डमधल्या एका पीसीवर आपोआप साठवा, तो पीसी आणि प्रिंटर यूपीएसवर हवा. सर्व्हर परत आल्यावर कागदावरचे डोस प्रत्यक्ष वेळेने भरायचे. भरेपर्यंत त्या रुग्णाच्या पुढच्या डोसवर 'नोंद बाकी' असं दिसू द्या.

सुरू करण्याआधी व्हेंडरसमोर बसून खोट्या रुग्णावर या ऑर्डर टाका आणि प्रत्येकीच्या पुढच्या तीन वेळा कागदावर लिहून मग स्क्रीनशी ताडा: 22:40 ला 6 तासांचं अँटिबायोटिक. 4 तासांच्या इन्फ्युजनने पायपरासिलिन-टॅझोबॅक्टम 8 तासांनी (पुढचा डोस आधीच्याच्या सुरुवातीपासून मोजतो की शेवटापासून?). 5 दिवसांनी 5 मिग्रॅने उतरत जाणारं प्रेडनिसोलोन. बंद करून दोन तासांनी पुन्हा चालू केलेली ऑर्डर. आयसीयूतून वॉर्डला 8:55 ला हलवलेला रुग्ण, ज्याचा 9 चा डोस आहे. हा शेवटचा डोस कुठल्या वॉर्डच्या यादीत दिसतो ते नीट बघा. दोन्हीकडे दिसला किंवा कुठेच दिसला नाही, तर तारीख पुढे ढकला.